निरोगी माणसाला औषध कशाला?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण कोणा विदुषीचे व्याख्यान ठेवतो. यंदा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, की आपल्यांतल्याच एकीने आपल्या अनुभवातले काही सांगावे. आणि न विचारता माझे नाव घालून टाकले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. व्याख्यान देणे मला ठाऊक नाही. पण घरातल्या आजारपणाच्या निमित्ताने क्षयाच्या दवाखान्याच्या पायऱ्या मी पुष्कळ वेळा चढले. तेथील डॉक्टरीणबाईंना नाही नाही ते प्रश्न विचारले, आणि त्यांनी न कंटाळता उत्तरे दिली. तेच आज आपणांपुढे ठेवणार आहे.

विषय क्षयाचा आहे, पण क्षयाने आजारी असलेल्या माणसाचा नाही. त्याच घरात राहणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी असलेल्या, ज्याला काहीही होत नाही अशा माणसाचा आहे. त्याची तपासणी कशासाठी करावयाची, आणि त्याला औषध कशासाठी द्यावयाचे, हा प्रश्न आमच्या घरात उभा राहिला, तसा उद्या कोणाच्याही घरात राहील.

क्षयाचा जंतू डॉ. रॉबर्ट कॉख यांनी शोधून काढला, तो २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे आला. म्हणून त्या तारखेला क्षयरोग दिन पाळतात. पण जंतू सापडला तरी औषध सापडावयास पुढे साठ वर्षे लागली. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेल्या. वय अवघे एकवीस. स्वतः डॉक्टर असून त्यांना वाचविण्यासारखे औषध त्या काळी जगात कोणाजवळच नव्हते. आज ते आहे. आणि नुसते आजार बरा करण्याचे नाही, तर आजार उठूच नये म्हणून देण्याचेही आहे. हे दुसरे औषध आपल्या बायकांना नीटसे माहीत नाही.

क्षयाचा जंतू हवेतून येतो. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा ते जंतू हवेत उडतात आणि जवळच्यांच्या श्वासातून आत जातात. ताटवाटीने, कपड्याने, हात लावल्याने क्षय लागत नाही. घरोघर रोग्याचे भांडे वेगळे होते. पण त्याची खोली मात्र दारेखिडक्या लावून बंद ठेवतात. व्हावयास पाहिजे ते नेमके उलटे. भांडे एकत्र असू द्यावे, खिडकी उघडी असावी आणि खोकताना तोंडावर रुमाल असावा. रोग्याचे औषध नियमित सुरू झाले म्हणजे थोड्याच आठवड्यांत त्याच्यापासून लागण होण्याचे भय पुष्कळ कमी होते.

पण रोग ओळखला जाईपर्यंत महिना दोन महिने खोकला झालेलाच असतो. तेवढ्या अवधीत घरातल्यांच्या आत जंतू जावयाचा तो जाऊन चुकलेला असतो. तो गेला म्हणजे माणूस आजारी पडलाच असे नव्हे. शरीर त्या जंतूला घेरून डांबून ठेवते. जंतू मरत नाही, वाढतही नाही, निजून राहतो. डॉक्टर याला सुप्त क्षयसंसर्ग म्हणतात. अशा माणसाला खोकला नाही, ताप नाही, त्याच्यापासून कोणाला लागण नाही. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात सरकारने मोठी पाहणी केली, तेव्हा पंधरा वर्षांवरील शंभर माणसांत सुमारे एकतीस जणांच्या अंगात असा जंतू आढळला. म्हणजे या सभागृहातही पुष्कळजणींच्या अंगात तो असणार. घाबरू नका, त्यातल्या बहुतेकींना जन्मभर काही व्हावयाचे नाही.

शंभर जणांत पाच ते दहा जणांचाच जंतू पुढे कधीतरी जागा होतो. त्यातही निम्म्यांचा पहिल्या दोन वर्षांतच. मात्र लहान मुले, मधुमेही, एच.आय.व्ही. असलेले, मूत्रपिंडाच्या आजारात डायलिसिसवर असलेले, दारू-विडीत बुडालेले आणि ज्यांच्या पोटाला धड मिळत नाही असे, यांच्यात हे भय अधिक असते. पाच वर्षांच्या आतील मुलांत तर तो जंतू मेंदूपर्यंतही जातो. जन्मल्यावर टोचतात ती बी.सी.जी. लस लहानपणीच्या अशा भयंकर क्षयापासून पुष्कळ राखते; पण मोठेपणी फुप्फुसाच्या क्षयापासून तिचा भरवसा धरता येत नाही.

आपण वर्षाचे गहू-तांदूळ भरतो. त्या वेळी दाण्यात किडा दिसत नाही. तरी तांदळाला बोरिक पावडर लावतो, गव्हाला एरंडेल चोळतो, कडुनिंबाचा पाला घालतो. ‘किडा दिसला म्हणजे बघू’ असे कोणी शहाणी बाई म्हणत नाही. निरोगी दिसणाऱ्या माणसाला औषध देतात ते याच न्यायाने. औषध पूर्ण घेतले तर पुढे क्षय होण्याचे भय शंभरातून साठ ते नव्वद भाग कमी होते.

ही कल्पना काही कालची नाही. आयसोनियाझिड नावाचे औषध १९५२ साली आले. पुढे १९५७ च्या सुमारास अमेरिकेच्या उत्तर टोकाला, अलास्का प्रांतातल्या बेथेल भागात, जेथे घरटी क्षय होता तेथे, डॉ. जॉर्ज कॉमस्टॉक यांनी गावकऱ्यांना वर्षभर हे औषध देऊन पाहिले. ज्यांना ते मिळाले त्यांच्यात नवा क्षय पुष्कळ कमी झाला, आणि त्याचा गुण एकोणीस वर्षांनंतरही टिकून असल्याचे आढळले. आपल्याकडे पूर्वी हे औषध मुख्यतः रोग्याच्या घरातील लहान मुलांना आणि एच.आय.व्ही. असलेल्यांना देत. २०२१ सालापासून रोग्याच्या घरातील सर्व वयाच्या माणसांना ते देण्याचे धोरण सरकारने घेतले. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते, म्हणजे तपासणीचा क्रम ध्यानात येईल. २०२४ सालच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या दिरांचा खोकला हटेना. बेडका तपासला, क्षय निघाला. त्यांचे औषध सुरू झाले आणि आठवड्याच्या आत आशाताई घरी आल्या. त्या रोग्याला पाहावयास आल्या असे आम्हांला वाटले. पण त्यांनी वही काढून घरातल्या बाकीच्यांची नावे लिहून घेतली. आमचे हे, मी, सासूबाई, माझा मुलगा, एकोणीस वर्षांची मुलगी, जाऊबाई आणि त्यांचा तीन वर्षांचा बाळ.

पहिल्याने प्रत्येकाला चार प्रश्न विचारले. खोकला आहे का? ताप येतो का? वजन उतरले का? रात्री घाम फुटतो का? बाळाच्या बाबतीत, तो खेळतो का आणि त्याचे वजन वाढते का, हे विचारले. मग छातीचे फोटो काढले. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी खात्री करावयाची असते की आजार जागा झालेला नाही. जागा असेल तर या एक-दोन औषधांनी भागत नाही. पुरते उपचार लागतात. उलट अपुरे औषध दिले तर जंतू त्याला सरावतो. म्हणून शेजारणीच्या घरच्या उरलेल्या गोळ्या आणून कोणी घेऊ नयेत.

बाळ पाच वर्षांच्या आतला, म्हणून त्याच्यासाठी सुप्त जंतूच्या चाचणीची वाट पाहिली नाही. आजार नाही अशी खात्री झाल्यावर लगेच औषध सुरू केले. आम्हां मोठ्यांची चाचणी झाली. ही तीन तऱ्हांची असते. जुनी ती मॉन्टू चाचणी, शंभराहून अधिक वर्षांची. हाताच्या कातडीत इवलीशी सुई टोचतात आणि दोन ते तीन दिवसांनी तेथे आलेली टणक गाठ पट्टीने मोजतात. मोजावयाची ती गाठ, भोवतालची लाली नव्हे. बी.सी.जी. टोचलेल्यांत ही चाचणी कधी कधी चकविते. दुसरी रक्ताची, तिला इग्रा म्हणतात, ती बी.सी.जी.ने चकत नाही, आणि एकाच खेपेत रक्त देऊन होते. तिसरी सायटीबी, तीही कातडीतच टोचतात, पण ती बी.सी.जी.ने फसत नाही. तिला २०२२ साली आपल्या देशात मान्यता मिळाली, आणि ती आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आहे. टोचण्याची चाचणी केली, तर दोन-तीन दिवसांनी हात दाखवावयास पुन्हा गेलेच पाहिजे. न दाखविलेली चाचणी न केल्यासारखीच.

या तिन्ही चाचण्या एवढेच सांगतात, की जंतू अंगात शिरला होता. तो निजला आहे की जागा झाला आहे, हे त्या सांगत नाहीत. म्हणून चाचणी भरली यावरून कोणी ‘क्षय झाला’ म्हणून रडू नये. आणि चाचणी आली नाही म्हणून महिनाभराच्या खोकल्याकडे दुर्लक्षही करू नये.

आमच्यात दोघींची चाचणी भरली: सासूबाईंची आणि मुलीची. दोघींचे छातीचे फोटो स्वच्छ. आणि त्या दिवसापासून घरात जे सुरू झाले, ते औषधापेक्षा अवघड होते.

सासूबाई म्हणाल्या, ‘मला काय धाड भरली आहे? साखरेच्या गोळ्या खाते तेवढ्या पुरेत.’ बाळाबद्दल म्हणाल्या, ‘धडधाकट पोराच्या तोंडात विष घालता?’ आणि मुलीबद्दल तर आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘दोन वर्षांत स्थळे पाहावयाची. क्षयाच्या दवाखान्यात पोरगी जाते हे चाळीत कळले, तर कोण उंबरा चढेल?’

मैत्रिणींनो, सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांच्या लहानपणी क्षय म्हणजे मिरजेला नाहीतर शिवडीला नेऊन ठेवावयाचे माणूस, आणि परत येईल की नाही याची शाश्वती नाही, असेच ऐकत त्या वाढल्या. रोगी घरात ठेवूनही त्यावर नीट उपचार होतात आणि त्यामुळे घरच्यांना अधिक धोका होत नाही, हे मद्रासच्या क्षय केंद्राने १९५९ सालीच दाखवून दिले; पण शास्त्र दवाखान्यात पोहोचते, माजघरात पोहोचावयास त्याला वेळ लागतो. ते काम आपले आहे.

डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना समोर बसविले आणि सांगितले, ‘आजी, तुम्हांला मधुमेह आहे. तुमच्या अंगातला जंतू जागा झाला, तर सर्वांत आधी कोण तुमच्या मांडीवर बसते?’ सासूबाईंनी बाळाकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी त्या आपण होऊन गोळ्या मागू लागल्या.

बाळाला त्याच्या वजनाप्रमाणे रोज औषध होते, सहा महिने. सासूबाईंना व मुलीला आठवड्यातून एकदाच, असे बारा आठवडे. कोणाला कोणते द्यावयाचे ते डॉक्टर ठरवितात. घरच्या रोग्याचा क्षय औषधांना दाद न देणारा असेल तर घरच्यांचे औषधही निराळे असते. आठवड्याच्या गोळ्यांना आम्ही गुरुवार धरला. दिनदर्शिकेवर बारा गुरुवारांना हळदीचे बोट लावून ठेवले आणि गोळी घेतली की त्यावर कुंकवाचे बोट. एकही चुकला नाही.

भगिनींनो, या औषधाविषयी काही गोष्टी नीट लक्षात ठेवा. भूक एकदम मरणे, मळमळ, उलटी, पोटात दुखणे, डोळे पिवळे होणे, लघवी गडद चहासारखी होणे, ही यकृताला त्रास होत असल्याची लक्षणे. औषध थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात जावे. हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून जोडीला बी-सहा जीवनसत्त्वाची गोळी देतात. आठवड्याच्या गोळ्यांनी लघवी नारिंगी-तांबूस होते. तिला भिऊ नये, ते रंग औषधाचेच. पण त्याच गोळ्यांनी पाळणा लांबविण्याच्या गोळ्यांचा गुण कमी होतो. ही गोष्ट विचारावयास आपण लाजतो, म्हणून मी येथे मोठ्याने सांगते. तशा गोळ्या चालू असतील, किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या ज्या गोळ्या चालू असतील, त्या पिशवीत घालून दाखवावयास न्याव्या. औषध चालू असताना दारू वर्ज्य. आणि अर्ध्यावर सोडू नये.

एक बाई मला म्हणाल्या, ‘शंभरातल्या नव्वदांना काही होत नाही, मग नव्वदांनी फुकट गोळ्या का खाव्या?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढेच, की ते दहा कोण, हे आज कोणालाच ओळखता येत नाही. म्हणूनच सरसकट सर्वांना औषध देत नाहीत. ज्यांच्या घरात रोगी आहे, किंवा ज्यांची प्रकृती नाजूक आहे, त्यांनाच देतात. तेव्हा माझे भाषण ऐकून उद्या सगळ्यांनी दवाखान्यात रांग लावण्याचे कारण नाही. पण ज्या घरात गेल्या वर्षा-दोन वर्षांत क्षयाचा रोगी निघाला आहे, त्या घराने मात्र एक दिवसही घालवू नये. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

आमच्या नात्यातल्या एका घरी रोगी निघाला, तेव्हा त्यांनी आशाताईंना दारातूनच परत पाठविले. ‘आमच्या घरी सगळे ठीक आहेत’ म्हणाले. ठीक होतेही. आठ महिन्यांनी त्यांची दहावीतली मुलगी खोकू लागली. आता ती बरी आहे, पण सहा महिने औषध, आणि परीक्षेचे वर्ष गेले. ज्या बोभाट्याला भिऊन दार लावले, तो बोभाटा शेवटी झालाच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. क्षयाच्या बाबतीत ती मूठ उघडावी हेच बरे.

माझ्या मुलीला विचारून मी आज तिची गोष्ट येथे सांगितली. ती म्हणाली, ‘आई, खुशाल सांग. मला आजार झालाच नव्हता, मग लपवू काय?’ तिच्या बारा आठवड्यांच्या गोळ्या पुऱ्या झाल्या आहेत. तिच्यापासून कधी कोणाला लागण झाली नाही, व्हावयाची नव्हतीही. उद्या एखाद्या घरी हे ऐकून नको म्हणाले, तर ते घर आम्हांलाही नको. पण माझी खरी इच्छा अशी आहे, की या सभागृहातल्या ज्या बायका उद्या सासवा होणार आहेत, त्यांनी ‘मुलगी क्षयाच्या दवाखान्यात जात होती का?’ असे न विचारता ‘गोळ्या पुऱ्या घेतल्या ना?’ असे विचारावे.

अन्नाविषयी दोन शब्द सांगून संपविते. झारखंडात क्षयरोग्यांच्या घरच्यांना माणशी दरमहा पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ देऊन पाहिले. त्यांच्यात नवा क्षय सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाला. हे २०२३ साली प्रसिद्ध झाले आहे. डाळीला एवढे सामर्थ्य आहे! आणि घरात शेवटी जेवावयास बसते ती बाई. तिच्या वाट्याला आमटीचे पाणी येते. रोग्याची सेवा करणारीने आधी स्वतःच्या ताटात डाळ वाढून घ्यावी, यात स्वार्थ नाही. रोग्याला पोषणासाठी सरकारकडून महिना पाचशे रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले आहेत. शिवाय मंडळांना निक्षय मित्र होऊन रोग्याच्या घरी शिधा देता येतो.

म्हणून माझी मंडळाला सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लॅस्टिकचे डबे लुटण्याऐवजी तेवढ्याच पैशांत तूरडाळ आणि शेंगदाणे घ्यावे, आणि आपल्या भागात ज्या घरी क्षयाचा उपचार चालू आहे, त्या घरी पोहोचवावे. पोहोचविणारीने जाताना एवढेच विचारावे, ‘घरातल्या बाकीच्यांची तपासणी झाली का?’ झाली नसेल तर तिला बरोबर घेऊन दवाखान्यात जावे. एकटीला तेथे जाण्याचा संकोच वाटतो. दोघी असल्या म्हणजे वाटत नाही. हे मी अनुभवाने सांगते, कारण पहिल्या दिवशी माझ्याबरोबर आपल्या मंडळाचीच एक मैत्रीण आली होती.